कोणता तोळा?



या सदरात आम्ही दर महिन्याला मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एखादा धडा घेतो आणि तो आपल्या घरात कुठे सापडतो ते पाहतो. या वेळचा धडा आहे मापन, एकके आणि आलेख. तो शिकवायला सगळ्यात सोपा आणि विसरायलाही सगळ्यात सोपा. गणित बरोबर सुटते, उत्तर येते ४०, आणि पुढे 'मीटर' लिहायचे राहते. बाई अर्धा गुण कापतात. मूल घरी येऊन कुरकुरते, आणि अनेकदा आईवडीलही मुलाचीच बाजू घेतात: "आकडा बरोबर आहे ना? मग गुण का कापला?"

आम्ही स्वतः अनेक वर्षे विज्ञान शिकवले. असे अर्धे गुण आम्हीही पुष्कळ कापले. पण त्या अर्ध्या गुणाची खरी किंमत आम्हाला गेल्या वर्षी आमच्या मामूंच्या घरात बसून कळली. तो प्रसंग घरच्यांच्या संमतीने इथे सांगत आहोत. नावे मात्र गाळली आहेत.

मामूंचा इन्तकाल झाला. चाळीस दिवस उलटल्यावर वाटणीची बोलणी सुरू झाली. मामूंची मुले सालस आहेत. थोरल्या मामेभावाने आधीच सांगून टाकले, "वाटणी नंतर. आधी अब्बांच्या डोक्यावर जे कर्ज असेल ते फेडायचे, आणि त्यात अम्मीचा मेहर आला." सगळ्यांना ते पटले. पत्र्याच्या पेटीतून १९५५ सालचा निकाहाचा कागद काढला. शाई फिकी झाली होती, पण वाचता येत होती. मेहर सात तोळे सोने. त्यातील दोन तोळ्यांच्या बांगड्या निकाहाच्या वेळीच दिलेल्या. पाच तोळे बाकी.

मामेभावाने आमच्याकडे पाहिले. "तुम्ही मास्तर आहात. पाच तोळे म्हणजे किती ग्रॅम?"

आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "पन्नास."

आजकाल सोनाराच्या दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. वर्तमानपत्रात भाव येतो तो १० ग्रॅमचा, आणि आपण त्यालाच तोळा म्हणतो. कागदावर ५० ग्रॅम लिहिलेही गेले. नववीतली नात कोपऱ्यात बसून ऐकत होती. घटक चाचणीत एकक न लिहिल्याबद्दल तिचे गुण गेले होते आणि तो राग अजून ताजा होता. ती म्हणाली, "चाचा, कोणता तोळा? आमच्या बाई म्हणतात, एककाचे नाव सारखे असले तरी माप सारखे असेलच असे नाही."

मोठ्या माणसांच्या बोलण्यात मधे बोलल्याबद्दल तिला कोणी तरी दटावणार होते. एवढ्यात मुमानी बोलल्या. त्या इतका वेळ तसबीह फिरवत गप्प बसल्या होत्या. "पोरगी बरोबर बोलतेय. आमच्या वेळचा तोळा बारा माशांचा. माझ्या बांगड्या सोनाराने अब्बाजींच्या समोर तोलल्या होत्या. एका पारड्यात बांगड्या, दुसऱ्यात चांदीचे दोन रुपये."

आम्ही मान खाली घातली. शिक्षक आम्ही, आणि चूक आमचीच.

जुना तोळा १२ माशांचा, मासा ८ गुंजांचा, म्हणजे तोळा ९६ गुंजांचा. ब्रिटिश काळात तो १८० ग्रेन असा पक्का ठरवला गेला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला जाई. म्हणून सोनार वजनाऐवजी रुपया ठेवून तोलत. आजच्या मापात तो तोळा भरतो ११.६६४ ग्रॅम. भारतात वजन-मापांचा नवा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. १९५५ च्या कागदावरचा तोळा त्यापूर्वीचा. दहा ग्रॅमच्या तोळ्याशी त्याचा काही संबंध असूच शकत नव्हता.

तरी नुसत्या आठवणीवर निकाल देणे बरे नाही. मुमानींच्या त्या बांगड्या अजून हातात होत्या. पेटीत पंचम जॉर्जचा एक रुपयाही निघाला. दुसऱ्या दिवशी मामेभाऊ, ती नात आणि आम्ही असे तिघे सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर रुपया भरला ११.५७ ग्रॅम. बांगड्या भरल्या २३.१२ ग्रॅम. नातीने वहीत दोन्ही आकडे लिहिले, या वेळी 'ग्रॅम' ठळक अक्षरात. दोन तोळे दहाच्या हिशेबाने २० ग्रॅम व्हायला हवे होते. जुन्या हिशेबाने २३.३३. सत्तर वर्षांच्या वापरात बांगड्या किंचित झिजल्या, रुपयाही हातोहाती फिरून झिजला. पण झिजून सोने वाढत नाही. बांगड्या २० ग्रॅमच्या कधीच नव्हत्या हे काट्याने सांगितले.

मग पाच तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम. आम्ही सहज तोंडातून काढलेल्या 'पन्नास'मुळे एका बेवा बाईचे ८.३२ ग्रॅम सोने जाणार होते. कोणाची नियत वाईट नव्हती. फक्त एकक विचारायचे राहिले होते.

जकातीच्या निसाबाबाबतही हाच घोटाळा घरोघरी होतो, म्हणून इथेच सांगून ठेवतो. आपल्याकडे सोन्याचा निसाब साडेसात तोळे आणि चांदीचा साडेबावन्न तोळे असा सांगितला जातो. हे तोळे जुने आहेत. ग्रॅममध्ये ते होतात ८७.४८ आणि ६१२.३६. साडेसातला दहाने गुणून ७५ ग्रॅम धरणारे लोक आम्हाला भेटले आहेत. जकात कोणावर आणि कशी लागू होते, दागिन्यांचे काय, रोकड असेल तर काय, हा मसला आपल्या मसलकाच्या आलिमांनी सांगायचा आहे. आपले काम एवढेच की त्यांच्यापुढे मांडलेले वजन बरोबर असावे आणि ते कोणत्या एककात आहे हे स्पष्ट असावे.

आता धड्याकडे वळू.

पुस्तकात पहिला शब्द येतो 'राशी'. जे मोजता येते ती भौतिक राशी. लांबी, वस्तुमान, वेळ, तापमान ही तिची उदाहरणे. राशी सांगायची तर दोन गोष्टी लागतात: एक आकडा आणि एक एकक. 'पाच' हा आकडा आहे. 'पाच किलोग्रॅम' ही राशी आहे. आम्ही वर्गात मुलांना सांगायचो, दुकानात जाऊन "मला पाच द्या" म्हणून पाहा. दुकानदार विचारेल, पाच काय? किलो, पुडे की रुपयांचे?

दुसरी गोष्ट, राशी कोणती ते आधी ओळखायचे. फित्र्याच्या बाबतीत 'साअ' हा शब्द आपण ऐकतो. साअ हे मुळात धान्य भरून द्यायचे माप, म्हणजे आकारमानाचे माप आहे. त्याच मापात गहू भरले आणि मग खजूर भरले तर वजन वेगळे येणार, कारण दाण्यांमधली पोकळी वेगळी आणि घनताही वेगळी. आपल्याकडची पायली आणि शेर यांचेही तेच. आकारमान आणि वस्तुमान या दोन वेगळ्या राशी आहेत. पाण्याच्या बाबतीत १ लिटर म्हणजे जवळपास १ किलो, म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. तेल, मध आणि पीठ यांना तो नियम लावला की हिशेब चुकतो.

हीच चूक विमानातही झाली आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फूट उंचीवर असताना त्याचे इंधन संपले. विमान नवे होते आणि त्याचा हिशेब किलोग्रॅममध्ये होता. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते. टाकीतले इंधन लिटरमध्ये मोजलेले. लिटरचे किलो करायला सुमारे ०.८ ने गुणायला हवे होते. गुणले गेले १.७७ ने, जो आकडा लिटरचे पौंड करण्याचा आहे. किलोच्या जागी पौंड धरले गेले आणि लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन विमान उडाले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वैमानिकाने ते गिम्ली नावाच्या गावी हवाई दलाच्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर तरंगत उतरवले. आतील सर्व ६९ माणसे वाचली. सगळ्यांनी गणित केले होते आणि गुणाकारही बरोबर होता. चुकले ते एकक.

विमान दूरचे वाटेल, म्हणून घरातले उदाहरण घेऊ. लहान मुलांच्या तापाचे औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, दोन रूपांत मिळते. बाळांसाठीचे ड्रॉप्स सहसा दाट असतात. पुष्कळ बाटल्यांवर १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असे लिहिलेले असते. सिरपच्या बाटलीवर बहुधा ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम असते, म्हणजे १ मिलीत फक्त २५. डॉक्टरांनी सिरप ५ मिली सांगितले आणि घरात ड्रॉप्सची बाटली होती म्हणून त्यातले ५ मिली पाजले, तर बाळाच्या पोटात १२५ ऐवजी ५०० मिलिग्रॅम जाईल. म्हणजे चौपट. 'पाच मिली' हे शब्द तेच राहिले, पण औषध तेच राहिले नाही. त्यातच आपण पोह्याच्या चमच्याने औषध पाजतो आणि घरातला प्रत्येक चमचा ५ मिलीचा असतोच असे नाही. औषधासोबत येणारे झाकण किंवा खुणा असलेला ड्रॉपरच वापरा, बाटलीवरचे 'किती मिलीत किती मिलिग्रॅम' हे मोठ्याने वाचा, आणि बाटली बदलली तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. घरात नववी-दहावीतले मूल असेल तर हे वाचायचे काम त्यालाच द्या. त्याचा धडा होईल आणि धाकट्या भावंडाची काळजीही घेतली जाईल.

तिसरी गोष्ट, मोजण्याचे साधन किती बारीक मोजू शकते. कंपासपेटीतल्या पट्टीवर सगळ्यात लहान भाग १ मिलिमीटरचा असतो. त्याला त्या साधनाचे लघुतम माप म्हणतात. या पट्टीने पेन्सिल मोजून कोणी १४.३७२ सेंटिमीटर लिहिले तर तो आकडा पट्टीने सांगितलेला नाही, लिहिणाऱ्याने मनाने जोडला आहे. कॅल्क्युलेटरवर दहा अंक आले म्हणून दहाही उतरवून घेणे हा आजच्या मुलांचा नेहमीचा दोष आहे. साधनाला जेवढे कळते तेवढेच लिहावे. भाजीवाल्याच्या काट्यावर ५ ग्रॅमचा फरक दिसत नाही, सोनाराच्या काट्यावर १ ग्रॅमच्या शंभराव्या भागाचाही दिसतो. म्हणून भाजीचे वजन २३.१२ ग्रॅम असे लिहिण्यात अर्थ नाही आणि बांगडीचे 'सुमारे २५' असे लिहिणे चालत नाही.

चौथी गोष्ट, चुका कुठून शिरतात. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का, हे आधी पाहायचे. दुकानात भांड्यासकट वजन होत असेल तर भांड्याचे वजन आधी वजा झाले पाहिजे. मापनपात्रातील पाण्याची पातळी वाचताना डोळा त्या पातळीच्या समोर हवा. वरून पाहिले तर एक आकडा दिसतो, खालून पाहिले तर दुसरा. आणि मोजमाप एकदाच करून थांबू नये. तीन वेळा मोजावे, सरासरी काढावी, आणि तिन्ही आकडे वहीत ठेवावेत. न पटणारा आकडा खोडून टाकण्याची सवय प्रयोगवहीत लागली की पुढे ती हिशेबाच्या वहीतही येते. मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन, हे आपण जाणतोच. मुलांना तराजूचे महत्त्व समजावताना याहून मोठा दाखला कोणता देणार?

एककाचे नाव नुसते लिहून भागत नाही, ते माप नेमके केवढे हेही टिकून राहावे लागते. याचे उत्तम उदाहरण अल्-बिरूनी यांचे आहे. इसवी सनाच्या अकराव्या शतकात ते सुलतान महमूद गझनवीच्या काळी हिंदुस्थानात आले. आज पाकिस्तानी पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची त्यांनी मोजली. मग त्या डोंगरावर चढून क्षितिज डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती खाली दिसते तो कोन मोजला. या दोन मापांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. ना कुठे दूरवर प्रवास, ना सैन्य. एक डोंगर, एक कोन आणि भूमिती. त्यांचे उत्तर सुमारे १ कोटी २८ लाख हात असे आहे. आता हे उत्तर आजच्या ६,३७१ किलोमीटरच्या किती जवळ होते? ते त्यांचा 'हात' किती लांब होता यावर ठरते, आणि त्या काळी हात एकापेक्षा जास्त प्रकारचे होते. म्हणून अभ्यासकांमध्ये आजही यावर चर्चा चालते. एवढ्या मोठ्या आलिमाच्या मेहनतीचे मोलसुद्धा शेवटी 'कोणता हात?' या प्रश्नावर येऊन थांबते.

असे पुन्हा होऊ नये म्हणून जगाने एकके एकत्र बांधून घेतली. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा एक ठोकळा म्हणजे जगाचा किलोग्रॅम होता. त्याची एक प्रमाणित प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पण ठोकळाही शेवटी वस्तूच. मुमानींच्या बांगडीप्रमाणे तोही वर्षांगणिक किंचित बदलू शकतो. म्हणून २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातील एका कायम राहणाऱ्या संख्येवर बसवली गेली. मीटरची व्याख्या त्याआधीच प्रकाशाच्या वेगावर बसवलेली होती.

आता आलेख. मुलांना आलेख म्हणजे चौकटीच्या कागदावर ठिपके काढण्याची शिक्षा वाटते. खरे तर पुष्कळ आकडे एका नजरेत वाचता यावेत म्हणून आलेख काढतात. आपल्या घरात त्यासाठी तयार सामान आहे: भिंतीवर लावलेला नमाजच्या वेळांचा तक्ता. मुलांना वर्षभराची मगरिबची वेळ घेऊन आलेख काढायला सांगा. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर वेळ. प्रत्येक अक्षावर काय मोजले आहे आणि कोणत्या एककात, हे लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मुंबईचा तक्ता घेतला तर सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस सुमारे ६ वाजता होतो आणि जुलैच्या सुरुवातीस सुमारे ७ वाजून २० मिनिटांनी. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर सगळे ठिपके वरच्या बाजूला एकाच ओळीत बसतील आणि काहीच बदलत नाही असे वाटेल. म्हणून अक्ष पावणेसहापासून साडेसातपर्यंत घ्या. आता एक सुंदर लाट दिसेल. वर्तमानपत्रातील किंवा जाहिरातीतील आलेख पाहतानाही हीच गोष्ट ध्यानात ठेवावी: अक्ष कुठून सुरू होतो ते आधी पाहायचे. एवढासा फरक डोंगराएवढा दाखवता येतो आणि डोंगर सपाटही करता येतो.

त्या लाटेत जून महिन्याचा भाग जवळपास सपाट दिसेल. पूर्ण महिन्यात वेळ आठ-नऊ मिनिटांनीच सरकते. सप्टेंबरचा भाग मात्र चांगलाच उतरता दिसेल. त्या एका महिन्यात मगरिब सुमारे पंचवीस मिनिटे अलीकडे येते. या उताराला आलेखाचा चढ म्हणतात. पंचवीस मिनिटांना तीस दिवसांनी भागले की दिवसाला सुमारे ०.८ मिनिट असे उत्तर येते. पाहा, चढालाही एकक आहे: मिनिट प्रतिदिन. नववीच्या पुस्तकात अंतर आणि काळ यांचा आलेख असतो, त्याचा चढ म्हणजे वेग, आणि त्याचे एकक मीटर प्रतिसेकंद. तक्त्यावरचा आलेख ज्याने स्वतः काढला त्याला पुस्तकातला वेगळा पाठ करावा लागत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. तो या लाटेवर कुठून कुठे सरकत जातो आणि त्याप्रमाणे इफ्तारची वेळ कशी बदलते, हेही मुले त्याच कागदावर दाखवू शकतील.

शेवटी या महिन्याचा घरचा प्रयोग. एक मजबूत दोरा, एक लोखंडी नट, मोजपट्टी आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच एवढेच लागेल. नट दोऱ्याला बांधून दाराच्या चौकटीला टांगा. हा झाला साधा दोलक. टांगलेल्या जागेपासून नटच्या मध्यापर्यंतची लांबी मोजा. नट थोडासाच बाजूला ओढून सोडा. जाऊन परत आला की एक दोलन.

एका दोलनाची वेळ मोजू नका. बटण दाबायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग तरी उशीर होतो, आणि एका सेकंदाच्या दोलनात ती फार मोठी चूक आहे. वीस दोलनांची वेळ मोजा आणि विसाने भागा. चूक वीस जागी वाटली जाईल. आम्ही असे मोजले तेव्हा २५ सेंटिमीटर लांबीला वीस दोलनांना २०.१ सेकंद लागले, ५० ला २८.३, ७५ ला ३४.९ आणि १०० ला ४०.२.

आधी लांबी आणि एका दोलनाची वेळ यांचा आलेख काढा. रेषा वाकडी येईल. लांबी दुप्पट केली म्हणून वेळ दुप्पट होत नाही. चौपट केल्यावर कुठे ती दुप्पट होते. आता प्रत्येक वेळेचा वर्ग करा. जवळपास १, २, ३ आणि ४ मिळतील. लांबी आणि वेळेचा वर्ग यांचा आलेख काढला की ठिपके सरळ रेषेत येऊन बसतात. मूल हे पहिल्यांदा पाहते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. या रेषेचा चढ सुमारे ४ येतो, एकक सेकंदाचा वर्ग प्रतिमीटर. आता ३९.५ ला, म्हणजे पायच्या वर्गाच्या चौपटीला, या ४ ने भागा. उत्तर सुमारे ९.९ मीटर प्रतिसेकंद वर्ग. पुस्तकात गुरुत्व त्वरण ९.८ दिलेले आहे. दाराला बांधलेल्या दोऱ्याने पृथ्वीचे ओढणे मोजून झाले! थोडासा फरक पडला तर आकडा बदलू नका. तो फरक कुठून आला असेल ते मुलांना लिहायला सांगा: लांबी नीट मोजली का, दोरा ताणला गेला का, मोजताना एखादे दोलन सुटले का?

मामूंच्या घरची हकीकत अर्धी राहिली. कागदावरचा '५० ग्रॅम' खोडला गेला आणि त्या जागी लिहिले गेले: 'पाच तोळे, जुने, प्रत्येकी ११.६६४ ग्रॅम, एकूण ५८.३२ ग्रॅम'. सर्व मुलांनी खाली सह्या केल्या. ते सोने आधी मुमानींच्या हवाली झाले, मग बाकीची वाटणी झाली. मुमानींनी त्यातून काय केले ते त्यांचे त्यांना ठाऊक. आम्हाला एवढेच समजले की नातीला त्यांनी पंचम जॉर्जचा तो रुपया देऊन टाकला. "तुझ्या बाईंना दाखव," म्हणाल्या, "आणि सांग, आमच्या घरात तुमचा अर्धा गुण कामाला आला."

तुमच्या घरातही असे जुने कागद असतील: मेहराचे, जमिनीचे, उसनवारीचे. त्यांवर तोळे, शेर, मण, बिघे असे शब्द असतील. घरातली वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून विचारून घ्या की त्यांच्या वेळी ते माप केवढे होते, कशाने मोजत, आणि ते कागदाच्या मागे लिहून ठेवा. मुलांना हे काम सुट्टीत देण्यासारखे आहे.

दोलकाचे आणि मगरिबच्या आलेखाचे तुमचे आकडे आम्हाला जरूर कळवा. निवडक आकडे पुढील अंकात देऊ, इन्शाअल्लाह. लिहिताना एकक विसरू नका. गुण आम्ही अजूनही कापतो.